धारचुल्यात घेतलेली कीडाजडी आणि तिच्या आतली तार

उत्तराखंडातल्या आदि कैलासच्या यात्रेला जाणारे आपल्याकडचे गट दरवर्षी वाढताहेत. त्यातल्या ज्यांच्या घरी किडनीचा, दम्याचा किंवा साखरेचा पेशंट आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कीडाजडी या हिमालयातल्या औषधापायी माझे ३५,००० रुपये गेले. त्याहून जास्त काय गेलं, ते पुढे येईलच.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, किडनी कमजोर आहे. तेव्हा क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला हा आकडा जितका जास्त, तितकी किडनी कमजोर) ३.१ होतं. पथ्य आणि गोळ्या नीट सांभाळल्या तर डायलिसिस बराच काळ लांबवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून बावीस जण निघालो. पुढच्या प्रवासासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, लागतं, म्हणून धारचुला या सीमेवरच्या गावात एक दिवस मुक्काम होता. खाली काली नदी, तिच्यावर झुलता पूल, पलीकडे नेपाळ. अण्णांच्या आजाराबद्दल मी गाडीत कुणाशी तरी बोलले होते. ते ड्रायव्हरच्या कानावर गेलं असणार, कारण संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात एक माणूस थेट मलाच भेटायला आला. "दीदी, पिताजी को किडनी की तकलीफ है ना?"

कीडाजडीबद्दल तो जे बोलला ते सगळं खरं होतं. हिमालयात साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीवर एका पतंगाची अळी जमिनीत राहते. तिला बुरशी लागते, आतून पोखरून तिचं शरीर ताठ वाळलेलं करून टाकते आणि बर्फ वितळलं की तिच्या डोक्यातून एक बारीक काळपट देठ जमिनीच्या वर येतो. चिनी लोक तिला 'दोंग चोंग श्या त्साओ' म्हणतात, म्हणजे हिवाळ्यात किडा, उन्हाळ्यात गवत. तिबेटी नाव यार्त्सा गुनबू, त्यावरून नेपाळीत यार्सागुम्बा. चिनी वैद्यकात ती फुफ्फुसांसाठी आणि किडनीसाठीच देतात. मे-जूनमध्ये इथली गावंच्या गावं वर बुग्यालात, म्हणजे डोंगरावरच्या कुरणांत, तंबू ठोकून राहतात आणि गवतात पोटावर सरपटत ती शोधतात.

मी त्याच्यासमोरच मोबाइलवर शोधलं. एकूण एक गोष्ट जुळली. त्याने चीनच्या धावपटू मुलींचं सांगितलं, तेही जुळलं. १९९३ मध्ये वांग जुनशियाने १०,००० मीटरचा विक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मोडला आणि तिच्या प्रशिक्षकाने श्रेय दिलं ते या बुरशीला आणि कासवाच्या रक्ताला. मी तिथेच वाचायचं थांबले. खाली वाचलं असतं तर कळलं असतं की त्या मुलींनी १९९५ मध्ये लिहिलेलं एक पत्र २०१६ मध्ये बाहेर आलं आणि त्यात बंदी असलेली औषधं जबरदस्तीने दिली जात होती, असं म्हटलं होतं.

माझी चूक इथे झाली. गोष्ट खरी निघाली, म्हणून मी मालही खरा धरला.

त्याने डबीतून एक नग काढला आणि माझ्या हातावर ठेवून मोडला. आत पिवळसर पांढरं, किंचित मासळीसारखा वास. तो नग अस्सलच होता, हे मला आज कळतं. मग सोनाराकडे असतो तसला छोटा काटा काढून त्याने २५ ग्रॅम मोजले. भाव ग्रॅमला १,४००. ऑनलाइन नको म्हणाला, "पूछताछ होती है." मी दोन एटीएममधून पैसे काढून आणले. डबी सील करून देतो म्हणून तो खाली गेला आणि पाच मिनिटांनी टेप लावलेली डबी घेऊन वर आला. त्या पाच मिनिटांत मी जिन्यात उभी राहून अण्णांना फोन करत होते. "औषध मिळालंय, काळजी करू नका."

घरी आल्यावर रोज एक नग मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवून रात्रीच्या कपभर दुधातून द्यायला लागले. कधी कधी पात्याला खडा लागल्यासारखा आवाज यायचा. जंगली वस्तू आहे, असेल कडक, असं वाटून मी तसंच फिरवायचे. एकोणिसाव्या दिवशी लाइट गेले म्हणून खलबत्ता काढला. नग फुटेना, नुसता वाकला. अळी चुरा होऊन बाजूला पडली आणि मध्ये राहिली एक राखाडी तार, सुईएवढी जाड, नखाने दाबली तर खाच पडणारी. कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी रेघ उठली. शिसं.

तसाच टॉर्च लावून मी पाच वाट्यांत पाच नग भिजत घातले. सकाळी दोन वाट्यांत पिवळं पाणी आणि तळाशी कणकेचा गाळ होता. ते नग साच्यातून काढलेले होते. तिसऱ्या वाटीत अळी खरी होती, पण देठ वेगळा होऊन तरंगत होता आणि त्यातून टूथपिकचं टोक डोकावत होतं. चौथीत पुन्हा तार. पाचवीतला एकच नग अखंड होता. भिजून मऊ झाला तरी देठ डोक्याला घट्ट चिकटलेला, अंगावरच्या वळ्या आणखी स्पष्ट झालेल्या.

अस्सल नग कसा असतो, ते मी त्यानंतर शिकले. भिंग घेऊन पोटाकडून बघा. पायांच्या आठ जोड्या असतात आणि मधल्या चार ठळक दिसतात. साच्यातल्या मालाला वळ्या असतात, पण पाय धड नसतात. अस्सल वाळका नग अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. माझ्या २५ ग्रॅममध्ये ४१ नग होते, म्हणजे नगामागे सहाशे मिलिग्रॅम. हा हिशोब मी धारचुल्यातच करायला हवा होता. तुकडे जोडायला किंवा वजन वाढवायला आत काडी किंवा तार घालायची, ही या धंद्यातली जुनी पद्धत आहे.

त्या माणसाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "दीदी, गलती से दूसरा डिब्बा चला गया." दुसऱ्यांदा आवाजच बदलला. "शिकायत करोगे? आपके पास परमिट है?" मग नंबर ब्लॉक. उत्तराखंडात कीडाजडी गोळा करायला आणि विकायला वनखात्याची परवानगी लागते. पावतीशिवाय, परवान्याशिवाय हॉटेलच्या जिन्यात विकत घेणारा स्वतःच अडचणीत असतो, आणि यांचा सगळा धंदा त्या भीतीवर चालतो. रोख पैसे का मागितले, तेही तेव्हा समजलं. माझ्याकडे पुरावा म्हणून काहीच नव्हतं.

डॉक्टरांकडे डबी घेऊन गेले. ते ओरडले नाहीत, पण लगेच रक्त तपासायला पाठवलं. शिसं वाढलेलं निघालं. क्रिएटिनिन ४.४. आणि तिथे आणखी एक गोष्ट बाहेर आली. अण्णांनी तीन आठवड्यांपासून सोडामिंट आणि बीपीची एक गोळी आपल्या मनाने बंद केली होती. "एवढं महागाचं औषध चालू आहे, मग त्या गोळ्या कशाला?" असं त्यांचं म्हणणं. शिशाने किती बिघडलं, गोळ्या सुटल्याने किती आणि आजार आपोआप किती पुढे सरकला, हे कुणालाच वेगळं करून सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मला रोज टोचतं.

मी विचारलं, माल खरा असता तर? ते म्हणाले, चीनमध्ये किडनीच्या पेशंटना याच्या कॅप्सूल देतात, पण त्या कारखान्यात आंबवून वाढवलेल्या बुरशीच्या असतात, हा जंगली किडा नव्हे. त्या चाचण्यांचा आढावा २०१४ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, घेतला, तेव्हा पुरावा कमी दर्जाचाच ठरला. शिवाय अस्सल किड्यातही आर्सेनिक सापडतं. २०१६ मध्ये खुद्द चीनच्या औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं होतं. किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक मिळालं होतं आणि तिथल्या आरोग्यपूरक पदार्थांसाठी मर्यादा आहे १ मिलिग्रॅमची. म्हणजे दुखऱ्या किडनीला मी चांगल्यातला चांगला माल आणला असता, तरी तो जुगारच होता. फेब्रुवारीपासून अण्णांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा.

त्यांना तारेचं मी सांगितलं नव्हतं. "डॉक्टरांनी बंद करायला लावलं," एवढंच बोलले होते. त्यांना वाईट वाटेल म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझं तोंड उघडत नव्हतं म्हणून. त्याचा परिणाम असा झाला की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा सांगायचे, "कीडाजडी चालू ठेवली असती तर ही वेळ आली नसती. डॉक्टरांना कुठे कळतंय!" डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असणाऱ्या काकांनाही त्यांनी हेच सांगितलं. मागच्या रविवारी काकांचा मुलगा घरी आला. "ताई, आम्ही मे महिन्यात आदि कैलासला निघालोय. त्या माणसाचा नंबर द्याल का?"

मी आत गेले, कपाटातली पुडी काढली आणि अण्णांच्या समोरच ती तार त्याच्या तळहातावर ठेवली. अख्खी हकिगत सांगितली. तो काही बोलला नाही. अण्णांनी हात पुढे केला, चष्मा लावून तार उजेडात धरली, बोटांनी वाकवून पाहिली.

"किती दिवस माहीत होतं तुला?" त्यांनी विचारलं.