जुनं झाड मोजायचंय: काठी, मोबाईल की लेझर?

पेठेतला वड किंवा सोसायटीतली जुनी चिंच मोजून नोंद ठेवायची म्हटलं की सगळे आधी उंचीच्या मागे लागतात, आणि तिथेच फसायला होतं.

काठीची पद्धत फुकट आहे. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढी काठी मुठीवर उभी धरायची आणि झाड काठीत बरोबर मावेपर्यंत मागे सरकायचं, मग तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे उंची. मोबाईलचं अ‍ॅप कोन मोजून तेच गणित करतं, फक्त मागे सरकायला जागा नसेल तरी चालतं, त्यामुळे पेठेतल्या बोळात तेच बरं. पण दोन्हींत एक गडबड आहे, शेंडा बुंध्याच्या बरोबर वर आहे असं ती धरून चालतात आणि आपले वड तर चहूकडे पसरलेले. समजा बुंध्यापासून २० मीटरवर उभे आहात, कोन ४५ अंश आला, म्हणजे डोळ्याच्या वर २० मीटर. पण दिसलेलं टोक जर तुमच्याकडे ४ मीटर झुकलेल्या फांदीचं असेल तर डोळ्याच्या वरची खरी उंची १६च! लेझर थेट त्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर घेतो, त्याला कोनाच्या साइनने गुणलं की ही चूक उरतच नाही.

तरीही माझं मत विचाराल तर वडासाठी लेझर घेऊ नका, ते पैसे वाचवा आणि ३० मीटरची फायबर टेप आणा. वडाचा मोठेपणा उंचीत नसतोच. आंध्रातल्या तिम्मम्मा मर्रिमानूचा विस्तार जवळपास ५ एकर आहे, आणि हावड्याच्या बागेतल्या वडाचा मूळ बुंधा १९२५ मध्ये काढून टाकला तरी झाड पारंब्यांवर उभं आहे, मग घेर कशाचा घेणार? म्हणून विस्तार आधी, फांद्यांच्या टोकाखाली निदान चार दिशांना मोजा. लेझर घ्यायचाच तर सरळसोट उंच झाडांसाठी घ्या.

घेर आपल्याकडे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात, वेताळ टेकडीसारख्या उतारावर वरच्या बाजूने मोजून. टेप पारंब्यांच्या आतून घाला, नाहीतर चिकटलेल्या पारंब्याही बुंध्यात धरल्या जातात.

वयाचं मात्र जपून हं. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या शहरांत ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात, त्यामुळे घेरावरून वय काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण वडाच्या पारंब्या खोडाला जुळत जातात, वर्षागणिक स्पष्ट वलयंही मिळत नाहीत, तेव्हा नोंदीत घेर, विस्तार आणि तारीख लिहा, वय जुने फोटो नि कागदपत्रांवरून ठरू द्या. आणि गोरखचिंच असेल तर दरवर्षी एकाच महिन्यात मोजा, ती बुंध्यात पाणी साठवते, उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यानंतरचा घेर वेगळा येऊ शकतो.