लगाम कुणाच्या हाती?

अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांबद्दल मत ठरवायला बसलं की ‘बंदी हवी की नको’ एवढंच विचारलं जातं. मला ‘बंदी कोण घालतंय’ हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेतल्या टेनेसीत ती विधिमंडळाने घातली. 2023 च्या कायद्याने तिथे 18 वर्षांखालच्या मुलांना लिंगबदलासाठी प्युबर्टी ब्लॉकर (वयात येणं थांबवून ठेवणारी औषधं) किंवा हॉर्मोन देता येत नाहीत; फार लवकर वयात येणाऱ्या मुलांना मात्र तेच ब्लॉकर चालतात. मग हा भेद लिंगावरून झाला की आजारावरून? यावरच खटला रंगला आणि जून 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 6 विरुद्ध 3 मतांनी कायदा टिकला. उपचार घातक आहेत असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. राज्याला हा निर्णय घेता येतो, इतकंच.

फिनलंडने 2020 मध्ये आणि स्वीडनने 2022 मध्ये हात आखडता घेतला, पण तो आरोग्य यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांतून. निवडक मुलांसाठी दार किलकिलं राहिलं. इंग्लंड अधलंमधलं. तिथे बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या एप्रिल 2024 च्या अहवालाने पुरावा कमकुवत ठरवला आणि डिसेंबरात सरकारने नव्या अल्पवयीन रुग्णांसाठी ब्लॉकरवर बेमुदत बंदी आणली. फेरविचार 2027 मध्ये. त्यामुळे ‘युरोपनेही बंदी घातली’ हे वाक्य ऐकलं की मी आधी देशाचं नाव विचारतो.

बंदीवाल्यांचा भक्कम मुद्दा असा : ब्लॉकर म्हणजे विचाराला सवड म्हणायचं, पण ते घेणारी बहुतेक मुलं पुढे हॉर्मोनकडेच जातात. हाडांच्या घनतेची काळजी आहेच. आणि पुढे मूल होण्याची शक्यता सोडायचं चौदाव्या वर्षी कसं ठरवायचं? विरोधकांचा मुद्दाही तितकाच टोकदार. वय थांबत नाही. फुटलेला आवाज परत फिरत नाही, म्हणजे काहीच न करणं हाही एक निर्णयच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये उपचारांना पाठिंबा कायम ठेवला, पण त्याच वेळी पुराव्याचा नव्याने आढावाही मागवला. शस्त्रक्रियांवरून होणारा गदारोळ सोडा. अल्पवयीनांत त्या विरळाच.

माझा कल स्वीडनकडे. नवा पुरावा आला तर डॉक्टरांच्या सूचना बदलणं सोपं, विधिमंडळाकडून कायदा बदलून घेणं कठीण. पण एक गोष्ट मला अडवते : स्वीडनमध्ये सूचना देणारी एक राष्ट्रीय यंत्रणा आहे. अमेरिकेत दवाखाने विखुरलेले, बरेच खासगी. तिथे सगळ्यांना एकाच वेळी लगाम घालणारं, कायद्याखेरीज, दुसरं कोण आहे?