बर्डीवरून 'नवी' हार्ड डिस्क घेताय? आधी फार्म लॉग बघा

घरी नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्या फाइली ठेवायचा डबा) बनवायचा प्लॅन करून राहिले असाल तर डिस्कचे पैसे द्यायच्या आधी हे वाचाच. नागपुरातल्या बर्डीवरच्या एका दुकानातून सीगेट एक्सॉसच्या 12 टीबीच्या चार डिस्क घेतल्या, नव्या म्हणून, सीलबंद पिशवीत, पक्कं जीएसटी बिल, भावही नव्याचाच. लग्नाच्या जुन्या कॅसेटा डिजिटल करून ठेवल्यात, पोरांचे फोटो आहेत, थोडे पिक्चर, ते सगळं एका जागी ठेवून जेलीफिन नावाच्या ॲपनं टीव्हीवर बघायचं होतं. डिस्क लावून स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढला तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चालल्याचे तास, शून्य, खराब सेक्टर शून्य. एकदम कोरा माल.

पण भाऊ, स्मार्टचे आकडे पुसता येतात. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, त्यातही डिस्क किती चालली ते लिहिलेलं असते, डिस्क तपासायच्या स्मार्टमॉनटूल्स सॉफ्टवेअरच्या 7.4 पासून पुढच्या व्हर्जनमध्ये तो वाचता येते, आणि तिथं चारही डिस्कवर 22 हजार तासांच्या वर निघाले! म्हणजे अडीच वर्षं दिवसरात्र कुठंतरी चालवून काढलेल्या. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत हीच भानगड उघडकीला आली होती, तिथं चिया मायनिंगमधल्या (चिया म्हणजे डिस्कची जागा वापरून कमवायचं क्रिप्टो नाणं) डिस्क असाव्यात असा संशय होता. मग नीट बघितलं तर स्क्रूच्या भोकांवर आणि कनेक्टरच्या पिनांवर घासल्याच्या खुणा, अन् कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी संपलेली.

दुकानदार काय म्हणे, नागपूरच्या उन्हानं रीडिंग चुकते. अरे, उन्हानं डिस्क गरम होईल, तास कसे वाढतील? मला जास्त राग याचाच आला, समोरच्याला काहीच समजत नाही असं धरून बोलून राहिला होता.

आणि हे नुसतं पैशाचं नाही. चार डिस्कच्या रेड 5 मध्ये (डिस्क जोडून एकच साठा करायची पद्धत) एक गेली तर चालते, पण नवी टाकून रीबिल्ड करताना, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत बनवताना, उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचल्या जातात, 12 टीबीला जवळपास दिवसभर तरी लागते, आणि त्या तिन्ही सारख्याच घासलेल्या असतील तर त्याच वेळी दुसरी जायची भीती, मग सगळंच गेलं. म्हणून फोटोंची एक कॉपी बाहेर ठेवाच, रेड म्हणजे बॅकअप नाही.

बिलावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या, माझ्या बिलावर होते म्हणून दुकानदाराला 'ह्या माझ्या नाहीत' म्हणता आलं नाही. तो नंबर दुकानातच मोबाइलवर तपासा. फार्म लॉग आणि लाँग टेस्ट (पूर्ण डिस्क वाचून होणारी तपासणी) झाल्याशिवाय डेटा टाकू नका. फसलात तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी 1915 वर तक्रार टाकल्यावर त्यानं दोन डिस्कचे पैसे परत केले, बाकी दोनसाठी आता आयोगात जाऊन राहिलो.