दोन वायरींचा डबा आणि माझे १९,२०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो: १९,२०० रुपये. त्यातले १०,००० यूपीआयने, ९,२०० रोख. आणि ते गेले कोणाचे? कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनवर ३१ वर्षं काढलेल्या माणसाचे. इंजिन-टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नर नावाच्या वस्तूवरच ज्याने भाकरी खाल्ली, त्याला गव्हर्नरच्याच नावाने टोपी घातली. घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. बायकोच्या लेखी ‘पंपाचं काम झालं’.

माझी जुनी डिझेल जीप आहे, फोर बाय फोर, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या मेकॅनिकल पंपाची. काटोलकडे संत्र्याची थोडी बाग आहे, पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरनंतर हीच काय ती चालते. उन्हाळ्यापासून तिला खोड लागली. नाल्यातून वर चढताना, लो गिअरमध्ये, क्लच सोडला की दोन हिसके आणि बंद. उभ्या गाडीतही इंजिनाचा आवाज वर-खाली होत राहायचा. मागे क्रेट भरलेले, खाली नाला आणि आपण ब्रेकवर उभं राहून सेल्फ मारतोय, हे ज्याने भोगलंय त्याला माझी घाई समजेल.

अमरावती रोडला एका गॅरेजवाल्याकडे गेलो. नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे. पोरगा गोड बोलणारा. म्हणाला, “काकाजी, ट्रॅक्टर बंद पडतो का कधी? त्यात गव्हर्नर असतो. जीपमध्ये नसतो. तुम्हाला अँटी-स्टॉल मॉड्यूल, म्हणजे इंजिन बंद पडू न देणारा डबा, टाकून देतो, नवीन गाड्यांत असतं तेच.”

या वाक्यात खरं-खोटं इतकं बेमालूम मिसळलं होतं की काय सांगू. ट्रॅक्टरचा गव्हर्नर हाताच्या लिव्हरने लावलेला कुठलाही वेग धरून ठेवतो, नांगर जड झाला की तो आपोआप डिझेल वाढवतो. जीपचा बहुतेक करून दोनच टोकं सांभाळतो, खाली आयडलिंग (पाय काढल्यावरचा वेग) आणि वर कमाल वेग. मधलं काम आपल्या पायाचं. पण ‘नसतो’? पंपाच्या आत वजनं फिरतात, स्प्रिंग त्यांच्या उलट दाबते. लोड येऊन इंजिन मंदावलं की वजनं मिटतात, स्प्रिंग जिंकते आणि डिझेल वाढतं. हेच ते अँटी-स्टॉल, कंपनीतूनच बसून आलेलं! नवीन गाड्यांत तेच काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो: क्रँकच्या सेन्सरवरून वेग वाचतो आणि इंजेक्टरला जास्त डिझेल सोडायला लावतो. हे सगळं मला येत होतं हो. तरी मान डोलावली.

हिशोब असा झाला: मॉड्यूल १४,५००, ‘गव्हर्नर सेटिंग’ ३,५००, वायरिंग-मजुरी १,२००. पावती कच्ची, वर फक्त ‘इंजिन काम’. (पक्कं बिल नसेल तर गाडीची किल्लीच देऊ नका. जीएसटी वाचवायच्या नादात मी स्वतःचाच पुरावा मिटवला.)

आणि आता तो क्षण, जो रात्री दोन वाजता आठवतो. बॉनेट उघडं होतं. बॅटरीशेजारी काळा डबा, त्यावर हिरवा दिवा. त्यातून वायरी निघालेल्या किती? दोन. एक लाल, एक काळी, दोन्ही बॅटरीला. मी पाहिल्या. वाकून, चष्मा लावून पाहिल्या! इंजिनाचा वेग सांगणारी वायर नाही, पंपाकडे जाणारी नाही, पंपाचा दांडा ओढायला मोटर नाही. वेग कळत नाही आणि डिझेल वाढवता येत नाही, तो गव्हर्नर कसला? आमच्याकडे टर्बाइन ३००० फेऱ्यांवर, ग्रिड ५० हर्ट्‌झवर. जरा घसरण झाली की आवाजावरून मान वळायची. आणि इथे माझीच जीप जागेवर उभी राहून केवढ्यानं घरघरत होती, ते या कानांना कळू नये? पोराने सेकंड गिअर टाकून नुसता क्लच सोडला, गाडी बंद न पडता पुढे सरकली, आणि मी खूश.

करामत एवढीच की त्याने स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवलं होतं. आधी साडेसातशेच्या आसपास असायचं, नंतर मोजलं तर ११००. उन्हं ४४ अंशांची, दोन तास टिनाखाली बसलेलो, दोनदा चहा पाजलेला. माणूस थकतो. निमित्त म्हणा हवं तर.

आठ दिवसांनी बागेच्या उतारावर फळ मिळालं. लो फर्स्टमध्ये पाय काढला की जीप गोगलगाईसारखी उतरायची, ती आता जवळपास दीडपट वेगाने ओढत निघाली. ब्रेक दाबला तर गव्हर्नरला वाटतं लोड आला, तो उलट डिझेल वाढवतो. ओल्या मातीत चाकं घसरली आणि बांधाचा दगड बंपरमध्ये. चढावर काळा धूर वेगळाच, कारण महाशयांनी कमाल डिझेलच्या स्क्रूचं सीलही तोडलं होतं. पंपावरचं हे सील, म्हणजे तार आणि शिसं, गाडी टाकण्याआधी फोटोत घ्या, परत घेताना पुन्हा बघा.

शेवटी एका म्हाताऱ्या पंपवाल्याकडे गेलो. त्याने आधी डब्याकडे बोट दाखवलं, “हा कायले लावला?” मी गप्प. मग त्याने डिझेलच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दाखवले. तांब्याचे वॉशर गेलेले, पंप हवा घेत होता, फिल्टर चोंदलेला. वॉशर ८० रुपये, फिल्टर ३६०. नासलेलं सेटिंग बेंचवर पुन्हा लावून घ्यायला ५,२००. एकूण २४,८४०, दुखणं ४४० रुपयांचं. गाडी बंद पडतेय? पहिल्यांदा हवा आणि फिल्टर बघायला सांगा. जो मेकॅनिक तिथे हातही न लावता डबा काढतो, त्याच्याकडून निघा.

पोलीस स्टेशनला गेलो. दीड तास बाकावर. मग प्रश्न, “काकाजी, गाडी चालू होते ना?” होते म्हटल्यावर, “मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी मामला आहे.” अर्ज घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी साहेब होते तर अर्ज लिहून घेणारा नव्हता. तिसऱ्या दिवशी दोघेही होते, तर पावतीवर ‘मॉड्यूल’ शब्द कुठे आहे ते दाखवा म्हणे. तिथून दुसऱ्या एका सरकारी कचेरीत धाडलं. तिथल्या बाईंनी कागद वाचलाही नाही. “गाडीत परस्पर बदल केलात? तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.” म्हणजे ज्याने डबा विकला तो एसीत, आणि आरोपी मी! झेरॉक्स आणि पार्किंगचे २३० गेले ते वेगळेच.

ग्राहक आयोगात मात्र ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तिथे तक्रार टाकली आहे, यूपीआयचा पुरावा जोडून. रोखीचे ९,२०० सिद्ध करताना घाम फुटणार आहे, म्हणून सगळं यूपीआयने द्या, एक रुपयाही रोख देऊ नका.

डबा फोडला. आत एक एलईडी, एक रेझिस्टर आणि वजनासाठी भरलेलं एम-सील. त्याचा फोटो पोराला पाठवून फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, “काकाजी, फोडायच्या आधी हिरवा दिवा लागत होता ना?”

“लागत होता.”

“मग चालू होतं ना मॉड्यूल. तुम्हीच खराब केलं.”