मुशी साफ करून देणाऱ्या मावशींचा ओटा (पालघर बाजार)

मुशी म्हणजे छोटा शार्क मासा. घ्यायला सोपी, साफ करायला महाकठीण. कातडी काचकागदासारखी. या ओट्यावरच्या मावशी उकळतं पाणी ओतून ती अशी खरवडतात की कालवणात दाताखाली कच येत नाही. किलोला 40 रुपये घेतात. सुनेच्या बाळंतपणात आठवड्यातून दोनदा मी इथूनच मुशी नेली.

पण पाच तारे देतेय ते वेगळ्या कारणासाठी. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. मुशी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, त्यामुळे कधीकधी पोटातून पिल्लं निघतात. इतरत्र ती आतड्यांबरोबर बादलीत जातात. मावशी एकेक पिल्लू हातात घेऊन बघतात. डिसेंबरात त्यांनी एक बर्फात घालून ठेवलं होतं. "बाई, याचा कणा बघा, विळीच्या पात्यासारखा वाकलाय." ज्याने मुशी घेतली होती तो "रोगट आहे" म्हणून सोडून गेला. मी घेतली. पिल्लाची वाढ गर्भात बिघडली होती, आई धडधाकट होती. आम्ही रात्री तिचं कालवण केलं.

मग मी मावशींना सातपाटीचं सांगितलं. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथल्या मच्छीमाराच्या जाळ्यात दोन डोक्यांचं मुशीचं पिल्लू आलं होतं, जेमतेम सहा इंच. फोटो काढून त्याने ते समुद्रात सोडलं. एका फलित अंड्यातून दोन जीव होऊ लागतात आणि वेगळे होणं अर्धवट राहतं, तेव्हा असं होतं. बहुतेक माशांची अंडी उघड्या पाण्यात असतात. तिथलं व्यंग असलेलं पिल्लू कुणाच्या तरी तोंडी लवकर जातं, आपल्या नजरेस पडत नाही. मुशीचं पिल्लू आईच्या पोटात सुरक्षित वाढतं, म्हणून निदान जन्मापर्यंत पोचतं. फ्लोरिडाजवळ 2011 मध्ये एका मच्छीमाराला बुल शार्कच्या पोटात असंच पिल्लू सापडलं. त्याने ते जपून ठेवलं, म्हणून एमआरआय करता आला आणि कळलं, हृदयं दोन, जठरं दोन, शेपूट मात्र एकच.

मावशी हळहळल्या. "सोडलं कशाला? आणायचं होतं."

रविवारी अकराच्या आत जा, नंतर गरम पाणी संपतं. सुट्टे पैसे न्या. आमचं वाकड्या कण्याचं पिल्लू आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत आहे. चिठ्ठीवर मी फक्त तारीख लिहिली होती. बोट कुठल्या बंदराची, जाळं किती वाव खोल पाण्यात होतं, हे मावशींनी बोटवाल्याला विचारून आणून दिलं.