साखर की चरबी? मधुमेहात हृदय काय जाळतं

निरोगी हृदय खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नसतं. समोर येईल ते जाळतं: मेदाम्लं (चरबीचे घटक), ग्लुकोज म्हणजे रक्तातली साखर, व्यायामात स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट, उपाशीपोटी यकृत चरबीपासून बनवतं ते कीटोनसुद्धा. तरी मुख्य भिस्त मेदाम्लांवर. साधारण 60 ते 70 टक्के ऊर्जा तिथूनच येते. साखर हेच हृदयाचं मुख्य अन्न, असं अनेकांना वाटतं. मलाही वाटायचं.

मग चरबी सरस? वजनावर मोजलं तर हो: एका ग्रॅममागे 9 किलोकॅलरी, साखरेच्या 4. पण हृदयाचा खरा हिशोब ऑक्सिजनचा, आणि तिथे साखर बाजी मारते. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ती मेदाम्लांपेक्षा सुमारे 10 टक्के जास्त एटीपी, म्हणजे पेशी थेट वापरते ती ऊर्जा, देते. रक्तपुरवठा तोकडा पडला की हा फरक भारी पडतो.

जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की निरोगी हृदय साखरेकडे वळतं. टाइप 2 मधुमेहात ही लवचिकताच जाते. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, ग्लुकोज आत नेणारे ‘ग्लूट-4’ वाहक पुरेसे पृष्ठभागावर येत नाहीत. त्यात रक्तात मेदाम्लांचा पूर, आणि त्यांचं ज्वलन ग्लुकोजच्या ज्वलनाला आणखी आडवं येतं. ही चढाओढ ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्येच मांडली होती. म्हणजे रक्तात साखर उतू जातेय आणि हृदय मात्र जास्त ऑक्सिजन मागणारी चरबीच जाळत बसलंय! गरजेपेक्षा जास्त आत शिरलेली चरबी पेशीतच साठते, ती वेगळी डोकेदुखी.