पीएचक्यू-९: फुकट, सुटसुटीत आणि चुकीच्या हातात घोळ घालणारी प्रश्नावली

एक पान, नऊ प्रश्न, भरायला जेमतेम पाच मिनिटं. वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. पीएचक्यू-९ म्हणजे 'पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर', नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली. नैराश्यावरच्या संशोधनात ती इतकी पसरली, त्याला ही कारणं आधी आहेत, अचूकपणा नंतर. साधन वाईट नाही, उलट चांगलंच आहे. पण ते कशासाठी चांगलं आहे, हे वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. उपचार घेणाऱ्याची सुधारणा मोजायला ही प्रश्नावली उत्तम. कुणाशी नीट बसून बोलायला हवं, हे हेरायला बरी. निदानाला अपुरी. आणि 'अमुक गटातल्या इतक्या टक्के लोकांना नैराश्य आहे' असं जाहीर करायला साफ चुकीची. नेमका याच कामी तिचा सर्रास वापर होतो.

रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये तिच्या अचूकतेचा मूळ अभ्यास प्रसिद्ध झाला. पैसा फायझर या औषध कंपनीच्या अनुदानातून आला होता. यावरून नाक मुरडणारे आहेत, आणि औषध विकणाऱ्याने आजार मोजायची पट्टी पुरवावी यात शंकेला जागा आहेच. पण प्रश्न कंपनीच्या डोक्यातून आलेले नाहीत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, मेजर डिप्रेशनची (आजार म्हणून निदान होणाऱ्या नैराश्याची) जी नऊ लक्षणं दिली आहेत तीच इथे एकेका प्रश्नात उतरवली आहेत. कशातच रस न वाटणं, उदास किंवा हताश वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दलचं वाईट मत, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थपणा, आणि शेवटी मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. त्यामुळे पुस्तिकेत जे चोख आहे ते इथेही चोख, आणि तिथला घोळ इथेही तसाच.

प्रत्येक प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतो. अजिबात नाही म्हणजे ०, काही दिवस म्हणजे १, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे २, जवळजवळ रोज म्हणजे ३. बेरीज ० ते २७. पाचपासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र. लक्षात ठेवायला सोपं पडावं अशा पाच-पाचच्या पायऱ्या आहेत. म्हणूनच १४ आणि १५ मध्ये फार मोठा फरक आहे अशी समजूत करून घेऊ नये.

नऊ प्रश्नांखाली दहावा प्रश्न आहे: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत, म्हणून कित्येक प्रतींतून तो चक्क गाळलेला असतो. ही काटकसर महागात पडते. एकाची बेरीज १३, पण सगळी कामं नीट चाललीत. दुसऱ्याची ९, पण तो महिनाभर कामावर गेलेला नाही. आधी कुणाकडे बघायचं, हे बेरीज सांगत नाही, दहावा प्रश्न सांगतो.

गुण लावायची आणखी एक रीत आहे. नऊपैकी किमान पाच लक्षणं 'निम्म्याहून जास्त दिवस' किंवा त्याहून अधिक असायला हवीत आणि त्यांत पहिल्या दोनपैकी एक हवंच; नववा प्रश्न मात्र 'काही दिवस' असला तरी मोजायचा. ही रीत डीएसएमच्या जवळची, पण ती बरेच खरे रुग्ण सोडून देते. संशोधन अहवाल वाचताना कोणती रीत वापरली ते आधी बघावं. बेरजेवर आधारलेला एक अभ्यास आणि या रीतीवरचा दुसरा, यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष वापरात गाडी अडते ती उत्तरांच्या पर्यायांवर. तिसरा प्रश्न घ्या. "झोप न लागणं, मध्येच जाग येणं किंवा जास्तच झोपणं, हे गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा झालं?" समोरचा म्हणतो, "हो, झोपेचं खोबरं झालंय अगदी." हे उत्तर त्रास किती मोठा आहे त्याचं झालं, विचारलं होतं किती दिवस. घाईतला प्रश्नकर्ता सरळ ३ लिहून मोकळा होतो. इथे थांबून, मूळ प्रश्न होता तसा वाचून झाल्यावर, "१४ पैकी अंदाजे किती रात्री?" एवढं विचारावं. सातपर्यंत असतील तर 'काही दिवस', आठ-नऊ-दहा असतील तर 'निम्म्याहून जास्त', बारा-तेरा असतील तर 'जवळजवळ रोज'. दोन आठवडे कुठून मोजायचे हे लोकांना आठवत नाही, म्हणून सुरुवातीलाच तारीख किंवा त्या सुमाराची एखादी ठळक घटना सांगून हद्द आखून द्यावी.

याच प्रश्नात दुसरी मेख आहे. झोप कमी आणि झोप जास्त, दोन्हींना गुण सारखेच. उपचाराआधी रात्रभर टक्क जागा असणारा माणूस औषध सुरू झाल्यावर दिवसाचे बारा तास झोपू लागला, तरी आधीही ३ आणि आताही ३. कागदावर काहीच बदललेलं दिसत नाही. भुकेच्या पाचव्या प्रश्नाचं आणि हालचालींच्या आठव्याचं तेच. यावर साधा उपाय आहे: समासात 'कमी' की 'जास्त' तेवढं लिहून ठेवायचं. गुणांत फरक पडत नाही, पण पुढच्या भेटीत कामाला येतं.

उत्तर राहून गेलं तर? एक किंवा दोन प्रश्न रिकामे असतील, तर बाकीच्यांची सरासरी त्यांच्या जागी धरण्याची पद्धत आहे. आठ उत्तरांची बेरीज १६ असेल तर सरासरी २, म्हणून एकूण १८. दोनपेक्षा जास्त रिकामे असतील तर बेरीज करूच नये. नवव्या प्रश्नाला मात्र ही सवलत देऊ नका. तो रिकामा सुटला असेल तर बहुतेकदा त्यामागे कारण असतं, आणि ते सरासरीत बुडवण्यापेक्षा समोर बसून विचारावं.

या नवव्या प्रश्नाची बांधणीच सदोष आहे. 'मेलेलं बरं' हा विचार आणि स्वतःला इजा करण्याचा विचार ही दोन वेगळी प्रकरणं एकाच वाक्यात कोंबली आहेत. दीर्घ आजाराने थकलेला वृद्ध 'आता बास झालं' या अर्थाने १ लिहितो, आणि मनात बेत शिजत असलेला तरुणही १ लिहितो. म्हणून ० सोडून काहीही उत्तर आलं, की त्याच बैठकीत, कागद बाजूला ठेवून, पुढचं विचारायलाच हवं: नेमके कोणते विचार येतात, काही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, आत्ता घरी सोबत कोण आहे. थेट विचारल्याने हे विचार डोक्यात शिरतात ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उत्तर धोक्याकडे बोट दाखवत असेल तर त्या माणसाला एकटं न सोडता तातडीने तज्ज्ञाकडे पोचवायचं. उलट ० आलं म्हणून निर्धास्त होणंही चूक. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांत आधीच्या फॉर्मवर ० लिहिलेले लोकही असतात. फोनवरून किंवा नाव न घेता केलेल्या पाहणीत असं उत्तर आल्यावर पुढे काही करता येत नसेल, तर नववा प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ घ्यावी. नैराश्याचा संशय धरायचा उंबरठा दोन्हींत तोच, १० गुण.

आता त्या उंबरठ्याबद्दल. मूळ अभ्यासात १० किंवा अधिक गुणांवर मेजर डिप्रेशन असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले गेले. २०१९ मध्ये ५८ अभ्यासांतला, १७ हजारांहून जास्त लोकांचा डेटा एकत्र केला, तेव्हा तज्ज्ञाने घेतलेल्या सविस्तर मुलाखतीशी पडताळून हे आकडे ८८ आणि ८५ आले. ऐकायला झकास. आता गणित मांडू. हजार माणसं, त्यांतल्या १०० जणांना खरोखर नैराश्य. प्रश्नावली ८८ पकडते. उरलेल्या ९०० पैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जण, नैराश्य नसताना जाळ्यात सापडतात. एकूण २२३ 'पॉझिटिव्ह', त्यांतले खरे ८८. दहातले चारसुद्धा नाहीत.

म्हणूनच १० च्या वर किती जण गेले ते मोजून तोच नैराश्याचा दर म्हणणं चुकीचं. २०२० च्या एका एकत्रित विश्लेषणात ४४ अभ्यासांमधल्या त्याच माणसांचे दोन्ही आकडे ताडून पाहिले: प्रश्नावलीनुसार २४.६ टक्के, सविस्तर मुलाखतीनुसार १२.१ टक्के. दुप्पट! पाहणीचा मथळा वाचताना 'मुलाखत घेतली की फॉर्म भरून घेतला?' हा एकच प्रश्न विचारला तरी बरीचशी हवा निघून जाते.

शारीरिक आजार असेल तर घोळ वाढतो. झोप, थकवा, भूक हे तीन प्रश्न रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, कर्करोगाचे उपचार, गरोदरपण यांतल्या कशानेही भरतात. तिन्हींना ३ दिले की झाले ९, एकाग्रतेचा १ धरला की १०. आणि माणूस उदास नाही, रसही गेलेला नाही. अशा वेळी पहिले दोन प्रश्न वेगळे काढून बघावे. दोन्ही ० किंवा १ असतील आणि बाकी सगळा भार शरीरावर असेल, तर आधी तपासण्या. याच्या नेमकं उलट चित्रही असतं: मनाबद्दल बोलायची लाज वाटणारा माणूस थकवा आणि झोपेला मोकळेपणाने ३ देतो, पण 'आपण अपयशी आहोत असं वाटणं' या सहाव्या प्रश्नावर अडखळतो आणि ० लिहितो. कागदावर दोघे सारखेच दिसतात. फरक कळतो तो बोलल्यावरच.

उत्तरं कुणासमोर दिली जातात यावरही खूप अवलंबून. शेजारी नातेवाईक बसलेला असेल, किंवा तोच फॉर्म भरत असेल, तर सहावा आणि नववा प्रश्न मेलाच समजा. फॉर्म नोकरीच्या ठिकाणी जाणार असं वाटलं तर गुण खाली येतात. ठराविक गुणांवरच उपचार मिळणार असतील तर वर जातात. यात लोकांचा खोटेपणा शोधण्यात हशील नाही. फॉर्म कुठे जाणार, कोण वाचणार, पुढे काय होणार, हे तीन वाक्यांत आधी सांगणं हे प्रश्नकर्त्याचं काम आहे.

या साधनाची खरी ताकद मात्र उपचार सुरू झाल्यावर दिसते. तोच माणूस, तेच प्रश्न, दर दोन ते चार आठवड्यांनी. पाच गुणांचा उतार अर्थपूर्ण मानतात, निम्म्यावर आले तर उपचार लागू पडला, पाचच्या खाली गेले तर लक्षणं जवळपास ओसरली. सहा-आठ आठवडे योग्य मात्रेत उपचार घेऊनही आकडा हलत नसेल, तर डोस, औषध किंवा थेरपीची रीत यांतलं काहीतरी बदलायला हवं. हा निर्णय पुढे ढकलण्याची डॉक्टरांची आणि रुग्णांचीही सवय हा आकडा मोडतो. एक सावधगिरी: औषधाच्या पहिल्या आठवड्यात मळमळ, झोपमोड, बेचैनी यांनी गुण वाढू शकतात. ते बघून रुग्णाने गोळी आपणहून बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावं. संशोधकांसाठी वेगळी सावधगिरी: १५ च्या वरचेच लोक निवडले तर उपचार न देताही पुढच्या मोजणीत सरासरी खाली येते, कारण बरेच जण त्यांच्या सर्वांत वाईट आठवड्यात सापडलेले असतात. तुलनेला दुसरा गट नसेल तर त्या सुधारणेचं श्रेय उपचाराला देता येत नाही.

एक गोष्ट ही प्रश्नावली विचारतच नाही: कधी उलटं झालंय का? झोप नको, अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह, बेभान खर्च, असे काही दिवस गेलेत का? बायपोलर आजारातलं नैराश्य इथे हुबेहूब साध्या नैराश्यासारखं दिसतं, आणि तिथे नुसतं नैराश्यविरोधी औषध दिलं तर माणूस उन्मादाकडे झुकू शकतो. औषध लिहिण्याआधी हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. तसंच दारू, स्टेरॉइडसारखी औषधं आणि अलीकडे झालेला जवळच्या माणसाच्या मृत्यूचा आघात, यांबद्दलही विचारावं लागतं.

पर्याय आहेत. घाई असेल तर पहिले दोनच प्रश्न, म्हणजे पीएचक्यू-२. ३ किंवा जास्त आले तर उरलेले सात. शारीरिक आजाराच्या रुग्णांसाठी १९८३ ची एचएडीएस (हॉस्पिटल अँझायटी अँड डिप्रेशन स्केल) ही प्रश्नावली बरी, कारण तिने झोप-भूक-थकवा मुद्दाम बाजूला ठेवलाय. पण तिला परवाना लागतो. बाळंतपणाच्या आसपास १९८७ ची दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली घ्यावी. वृद्धांना चार पर्यायांत गोंधळायला होत असेल तर हो-नाही उत्तरांची जीडीएस, म्हणजे जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केल. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांची नैराश्यासाठीची २१ प्रश्नांची यादी अधिक खोलात जाते, पण लांब आहे आणि विकत घ्यावी लागते. किशोरवयीन मुलांसाठी पीएचक्यूचीच वेगळी आवृत्ती आहे. मोठ्यांची प्रत त्यांच्या हाती देऊ नये.

पीएचक्यू-९ च घ्यायची ठरली तर अधिकृत संकेतस्थळावरची आपल्या भाषेतली प्रत घ्या, कुठल्यातरी ॲपमधली नको. प्रत हातात आली की तीन गोष्टी तपासा: 'गेल्या दोन आठवड्यांत' हे शब्द वर ठळक आहेत का, पर्यायांचे गुण ० पासूनच सुरू होतात का (१ पासून सुरू केलेल्या प्रतींमध्ये अगदी ठणठणीत माणसालाही ९ मिळतात), आणि तळाशी दहावा प्रश्न आहे का.